दिवसाची ग्रहणं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर धड रागावताही येत नाही. रागवायला बसलं की तुमच्या त्या टाचा झिजलेल्या वहाणा आठवतात, आणि राग आपोआप खाली बसतो. रडूही येत नाही. तुम्ही तापाच्या साथीत गेलात तेव्हाही आलं नव्हतं. त्या दिवसांत घराघरातून कोणी ना कोणी उचललं जात होतं, रडायचं तरी कोणापाशी. माय गेली तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं आहे. असेल. मी काही तपासायला गेले नाही. तरी आज लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट आहे जी तुम्हालाच सांगता येईल. दुसऱ्या कोणाला सांगायची तर आधी तो तारा कोणता, त्याला ग्रहण कसं लागतं, इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढं बोलायचा मला कंटाळा आहे.

गोंदियाचं ते रेल्वेचं घर मला अजून डोळे मिटून सांगता येतं. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणाच्या कडेला तुळस आणि पलीकडे रुळांचा बांध. तुम्ही स्टेशनावरच्या तारघरात कामाला. तुम्हाला कोणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. सगळे तारबाबू म्हणायचे, दूधवालासुद्धा. रोज दुपारी तारेवर वेळ यायची आणि सगळ्या लाइनीवरची घड्याळं त्या टकटकीवर जुळवली जायची. संध्याकाळी घरी येताना तुम्ही ती वेळ खिशातल्या घड्याळात घालून आणायचात. माय म्हणायची, "भाजी आनाले सांगतलं होतं, तं टाइम घेऊन आले." तुम्ही हसून पिशवी पुढं करायचात आणि पिशवी रिकामी असायची. ती वेळ तुम्हाला त्या ताऱ्यासाठी हवी असायची. तारा कोणत्या घटकेला सगळ्यांत मंद झाला ते टिपायचं आणि कलकत्त्याच्या कोणा हौशी माणसांच्या मंडळाला कळवायचं, हा तुमचा नाद. दुसऱ्यांचे बाप पत्ते कुटत. तुम्ही अंगणात खाट टाकून आकाशाकडे तोंड करून पडायचात. मायनं त्या नादाला कधी नावं ठेवली नाहीत, हेही सांगून टाकते. तिला तो आवडायचा असं मला वाटतं, कारण तो फुकटचा होता आणि तुम्ही घराच्या आवारातच सापडत होतात.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. थंडी सुरू झाली होती, धान घरात येऊन पडलं होतं. माय सुपात तांदूळ निवडत होती आणि तुम्ही पाटावर कंदील ठेवून त्याच्या पुढून लोटा फिरवत होतात. म्हणालात, हा जो एक तारा दिसतो तो एक नाहीच, दोन आहेत. एक उजळ, एक मिणमिणता, आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. मिणमिणता उजळाच्या पुढ्यात आला की उजेड झाकला जातो, तेच त्याचं ग्रहण. दोघांना वेगवेगळं आजवर कोणी पाहिलेलं नाही, मोठ्या दुर्बिणीतूनही नाही. पण उजेड कधी उतरला, किती उतरला, किती वेळानं परत चढला, एवढ्यावरून दोघांची वाट मोजता येते. आणि वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर ती वाट हळूहळू बदलते आहे का, तेही कळतं. मला त्यातलं फारसं कळलं नाही. लोट्याची सावली भिंतीवर पडत होती, मी ती बघत होते. मग तुम्ही त्याचं नाव सांगितलंत. अरब लोकांनी ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ राक्षसाचं डोकं.

मायचा हात सुपात थांबला. "राक्षसाचं डोकं? नुसतं डोकंच?"

"डोकंच."

"धड नाही?"

"धडाचं काही लिहिलेलं नाही."

"अन् त्याले गिरान लागते."

"लागतं की."

"मंग राहूच झाला ना जी तो."

तुम्ही इतके हसलात की लोटा कंदिलावर आपटला. खरं तर तुम्हाला तिचं कौतुक वाटलं होतं. तोंडावर दिसत होतं ते. पुस्तकातल्या साहेबाला जे सुचलं नसतं ते हिला तांदूळ निवडता निवडता सुचलं. तुम्ही म्हणालात, "झाला म्हण की राहू." तिनं चार खडे बाजूला काढले आणि विचारलं, "मले पाळा लागंल का मंग?"

तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. माझ्या पाठीवर दोन मुलं झाली होती आणि दोन्ही गेली होती, एक तिसऱ्या दिवशी, एक त्याच दिवशी. तेव्हा तिचा प्रश्न गमतीचा नव्हता. मला एवढ्या वयात कळत होतं, तर तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "पाळ. पाळलं तं काय बिघडते?"

एवढंच. मी तुमच्या तोंडचे ते शब्द कितीदा तरी उलटून पालटून पाहिले आहेत. त्यात वाईट काही नाही. कोणत्याही घरात नवरा बायकोला असं म्हणेल.

मग ती पाळायला लागली. तुम्ही दोन दिवस आधी सांगायचात, परवा दिवेलागणीनंतर उतरेल. त्या दिवशी माय ऊन असतानाच रांधून मोकळी व्हायची. भातावर, वरणावर, पाण्याच्या घागरीवर तुळशीचं पान. दिवे लागले की ती आतल्या खोलीत जायची आणि मला सोबत न्यायची, कारण पोटुशीनं ग्रहणात एकटं बसायचं नसतं. दार लावून घ्यायचं. कापायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, पाय मुडपून बसायचं नाही. ती पाय लांब करून भिंतीला टेकायची आणि हात मांडीवर उताणे ठेवायची. बाहेर तुमची खाट करकरायची. लोक मला म्हणतात, तुमचे वडील तारे बघायचे म्हणे, तुम्हालाही शिकवलं असेल. मी काय सांगू. मी त्या ताऱ्याची ग्रहणं दाराच्या आतून पाहिली आहेत. मला ठाऊक आहे ते दाराच्या फटीतून येणारं गार वारं आणि पोटात पडलेली भूक.

माय केशोरीकडची. तिच्या माहेरी ग्रहण लागलं की परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायची पद्धत होती. ग्रहण आहे तोवर मुसळ बिनआधाराचं उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं सगळ्या धानाच्या मुलखात मानतात. पहिल्याच खेपेला तिनं परात मांडली. म्हणाली, "पाहू, खरोखरचं हाय का नाही ते." मुसळ ठेवलं, दोन्ही हात हळूच काढून घेतले, आणि ते उभं राहिलं. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या क्षणापासून तिच्या लेखी शंका संपली. तुम्ही बाहेरून ओरडलात, "सुटून राह्यलं हो." तेव्हा तिनं मुसळाला बोट लावलं आणि ते आडवं झालं. मग अंघोळ. थंडीच्या दिवसांत, अंगणात, गार पाण्यानं. तुम्ही आत येऊन परात पाहिलीत आणि म्हणालात, "अरे वा. मुसळालेही कळते." दुसऱ्या खेपेपासून तुम्ही अंगणातूनच विचारायला लागलात, "काय जी, मुसळ काय म्हणते?" ती आतून सांगायची, "उभं हाय." तुम्ही तिथं घड्याळ बघत असणार. मला तुमचा आवाज ऐकू येतो अजून. फार खुशीत असायचात तुम्ही.

सासरी आल्यावर एका साध्या मंगळवारी, कसलंही ग्रहण नसताना, मी परातीत पाणी घालून मुसळ उभं करून पाहिलं. राहिलं. खालचं लोखंडी कडं सपाट असलं आणि हात सावकाश काढला की कुठलंही मुसळ कुठल्याही दिवशी उभं राहतं. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

ग्रहण सुटलं की माय मूठभर तांदूळ दान द्यायची. रुळाच्या पलीकडे एक छत्तीसगडी म्हातारी राहायची, तिला. ग्रहणाला चंद्र लागत नाही, सूर्य लागत नाही, पंचांग लागत नाही, तारबाबूच्या घरी ते असंच येतं, हे त्या म्हातारीनं महिन्याभरात ओळखलं. मग ती रोजच कुंपणापाशी येऊन विचारायला लागली, "आज गरहन हे का दाई?" माय तिला सांगायची, नाही, आज नाही. मग तुमच्याकडे वळून विचारायची, "आता कवा जी?" आणि तुम्ही म्हणायचात, "आता सुट्टी. तीन हप्ते सुट्टी."

हा शब्द तुमचा. मी तो विसरलेली नाही. ओळीनं दोन नाहीतर तीन ग्रहणं यायची, त्यांच्यात तीन-तीन दिवसांचं अंतर, आणि प्रत्येक मागच्यापेक्षा लवकर. एक निजायच्या वेळी, पुढचं दिवेलागणीला, त्याच्या पुढचं उजेडातच सुरू झालेलं. मग तीन आठवडे सुट्टी. सुट्टीत माय मोकळी असायची. पावशीच्या पात्यावर भाजी चिरायची, गोधडीला टाके घालायची, पाय मुडपून बसायची, खळखळून हसायची. तिला वाटायचं, आपण एकही चुकवलेलं नाही. मला तसं म्हणाली होती एकदा, माझ्या वेण्या घालताना. "एकही चुकू देल्लं नाही मी. पाहजो तू, यंदा टिकंल."

एका सुट्टीतल्या संध्याकाळी तुम्ही तिला आणखी एक सांगितलं होतं. की हे दोन तारे पहिल्यांदा एकच असावेत, असं मोठमोठे लोक म्हणतात. एकच गोळा, गरगर फिरता फिरता लांबट झाला, मधे बारीक झाला, आणि तुटून दोन झाले. आणि मग दोघं एकमेकांना ओढता ओढताच हळूहळू दूर सरकत जातात. माय म्हणाली, "म्हंजे बायतीन झाली म्हना, एकाचे दोन जीव." तुम्ही म्हणालात, "तसंच काहीसं." तिनं पोटावर हात ठेवला होता. त्या संध्याकाळी मी तुम्हा दोघांना एका खाटेवर बसलेलं पाहिलं. पुढं पाहिल्याचं आठवत नाही.

चैत्रात तो तारा पश्चिमेला खाली खाली जायला लागला आणि एक दिवस तुम्ही खाट आत घेतलीत. म्हणालात, संपलं, आता दसरा-दिवाळीपर्यंत दिसायचा नाही. मायनं देवापुढं नारळ फोडला. तिचं सगळं पार पडलं होतं.

ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधीच्या उकाड्यात, ती बाळंत झाली. मुलगा. सगळं अंग धड, डोक्यावर जावळ, आणि रडला नाही. सुइणीनं उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, कानाशी थाळी वाजवली. मी उंबऱ्यावर उभी होते. मग थाळी थांबली. तुम्ही त्याला तुमच्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून नाल्याकडे घेऊन गेलात, परत आलात, अंघोळ केलीत, आणि दुपारी तारेवर वेळ यायची म्हणून कामावर गेलात. कोणी म्हणालं, आज नका जाऊ. तुम्ही म्हणालात, "टाइम चुकंल." त्यावरून मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. मलाही त्या दिवशी शाळेत जायचं होतं. कोणी जा म्हणालं असतं तर मी गेले असते.

पावसाळाभर घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही, आणि हळूही नाही. माय पहिल्यासारखी कामाला लागली. खायला लागली. तिच्या तोंडावर काही नव्हतं, पुसलेल्या पाटीवर नसतं तसं. मग दसरा गेला, कोजागिरी आली. माय अंगणात उखळात धान कांडत होती, तेच मुसळ. तुम्ही बांधाकडे तोंड करून उभे होतात, आणि बऱ्याच महिन्यांनी तुमच्या आवाजात जरा उजेड आला. म्हणालात, "आला परत."

"कोन?"

"तोच. आपला राहू."

मुसळ दोनदा पडलं, तिसऱ्यांदा वरच थांबलं. "कोठी गेलता इतके दिवस?"

"कुठं जाते. सूर्याच्या अंगाला होता. दिवसा वर राहायचा, म्हणून दिसत नव्हता."

"वर होता?"

"होता ना."

"अन् गिरान?"

तुम्ही अजून बांधाकडेच बघत होतात. "ते चालूच राहते. तीन-तीन दिवसांनी. ते कायले थांबते?"

तिनं मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. मला आता वाटतं, तेव्हा तिला थांबवायला हवं होतं. पण कोणी आणि कसं. ती अगदी सावकाश, हिशेब विचारावा तशी विचारत गेली. "चैत्रानंतरबी लागतच होतं?"

"हो."

"दिवसा?"

"दिवसा, पहाटे, केव्हाही."

"अन् तुम्ही सुट्टी म्हनत होते, ते तीन-तीन हप्ते?"

तेव्हा तुम्ही वळलात. तुम्हाला कळलं ती काय विचारते आहे. तुमचं तोंड मी पाहिलं, आणि ते सोडलं तर त्या दिवसाचं मला बाकी काही नको आहे. तुम्हाला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "सुट्टी मले होती. त्याले नाही."

मग तुम्हीच बोलत सुटलात. की जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नसतं, पंचांगातसुद्धा तसं छापलेलं असतं, आपल्याकडे दिसणार नाही, सबब पाळू नये. की तो मुळात राहू नाहीच, दोन गोळे आहेत, कंदील आणि लोटा, दाखवलं नव्हतं का. की मुलाचं आणि त्याचं काही देणंघेणं नाही. सगळं खरं होतं. वर्षभर उशिरानं, पण खरं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोटातल्या लेकराले कोनतं गिरान दिसते जी?"

आणि मुसळ उचलून कांडायला लागली.

त्यानंतर तिनं त्या ताऱ्याचं नाव काढलं नाही, ना कोणतं ग्रहण पाळलं, ना चंद्राचं ना सूर्याचं. आळीत बायका दारं लावून बसायच्या तेव्हा ही उघड्यावर भाजी चिरत असायची. तिला दिवसही पुन्हा गेले नाहीत. आणि तुम्ही खाट बाहेर काढली नाहीत. लोकांनी विचारलं तर सांगायचात, डोळे थकले. डोळे काही थकले नव्हते, तारेचा कागद तुम्ही दिव्याशिवाय वाचत होतात. पुढच्या थंडीत मी एक पाहिलं. काही काही संध्याकाळी तुम्ही कामावरून येऊन थेट आतल्या खोलीत जायचात आणि भिंतीला टेकून बसायचात, पाय लांब करून, काही न करता. मध्येच उठून आलात असं नाही. एकदा बसलात की बसलात. पुन्हा तीन दिवसांनी तसंच, जरा लवकर. मग तीन आठवडे नाही. मायला ते समजलं होतं की नाही, माहीत नाही. ती त्या संध्याकाळी तुमचं जेवण झाकून ठेवायची, वर काही पान वगैरे ठेवायची नाही, नुसतं झाकायची. तुम्ही दोघं त्याबद्दल बोलला नाहीत. मी तेव्हा लहान होते, मला वाटायचं तुम्ही दमून येता.

मग माझं लग्न झालं, मी इथं, गोंदियाजवळच्या गोरेगावला आले. मग ती साथ. मग मला दिवस गेले. मी हट्टानं काही पाळलं नाही, बाबा. ग्रहणात कापलं, शिवलं, बाजाराला गेले. सासू बोलायची, तिला बोलू दिलं. पोर झाली ती दाईच्या हातात पडायच्या आधीच रडायला लागली, सगळी आळी जागी केली तिनं. म्हणजे माझ्याकडे पुरावा आहे. याहून जास्त पुरावा कोणत्या बाईकडे असेल.

यंदा चैत्रात जावई तिरोड्याहून येऊन सांगून गेले की पोरीला दिवस आहेत. मी त्यांना जेवू घातलं, गाडीला लावून दिलं, आणि संध्याकाळी परसात जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. कशासाठी ते मी ठरवलं नव्हतं. तुम्ही सांगायचात तसं आधी शर्मिष्ठा शोधली, मग कृत्तिका, आणि दोहोंच्या मधे तो. तीन-चार संध्याकाळी नुसता होता, उजळ, ठीकठाक. मग एका संध्याकाळी पाहिलं तर उतरलेला. इतका उतरलेला की त्याच्या शेजारचे फुटकळ तारेही त्याच्या बरोबरीचे दिसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो तसा पाहिला, दाराच्या बाहेरून. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. मान दुखायला लागली. तो परत चढायला लागेपर्यंत उभी राहिले, आत येऊन घड्याळ पाहिलं, आणि तिथून मोजायला सुरुवात केली.

त्याला विद्या लागत नाही. तीन दिवस पुढं, तीन तास आणि थोडं मागं. एवढंच. मायला कोणी हे एक वाक्य सांगितलं असतं तर तिनंही बोटांवर मोजलं असतं. वैशाखात तो सूर्याच्या अंगाला गेला, मी मोजत राहिले. आषाढ-श्रावणात आभाळ फाटलं, मी मोजत राहिले. झेंडा बदलला त्या दिवशी गावात पेढे वाटले, घरचे सगळे चौकात गेले. मी घरी राहिले कारण दुपारी एक ग्रहण होतं. पोर तिकडं सासरी, तिला यातलं काही ठाऊक नाही. पोटुशी ती आणि उपाशी मी, असा कारभार. पहाटेची, भर दुपारची, ढगातली, जमिनीखालची, तुम्ही ज्यांना सुट्टी म्हणत होतात ती सगळी. मी एकही चुकवलेलं नाही. हे वाक्य लिहिलं आणि माझे मलाच कुणाचे शब्द आहेत ते कळलं.

मी घाबरले आहे, बाबा. बाकी काही वाटत नाही मला, पण एवढं वाटतं. मला माहीत आहे की ते दोन गोळे आहेत. मला माहीत आहे की मुसळ कधीही उभं राहतं. ते माहीत असून मी बसते भिंतीला टेकून, पाय लांब करून. तुम्हीही असेच बसत होतात ना. तुम्हाला तर माझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही मायची समजूत काढायला तसं करता, किंवा स्वतःला शिक्षा म्हणून. आता वाटतं, तसलं काही नसावं. उठून बाहेर जावं असं वाटत नसेल, एवढंच असेल.

पोर आता माझ्यापाशी आली आहे, बाळंतपणाला. नववा लागला. दिवाळीच्या आसपास मोकळी होईल असं दाई म्हणते. फटकळ आहे, तुमच्या वळणाची नाही, मायच्या. हे पत्र तिच्या हाती लागलं तर आधी हसेल, आणि मग एखादा प्रश्न विचारेल, आणि ती काय विचारेल ते मला आत्ताच ऐकू येतं. तेव्हा सकाळी चूल पेटवताना मी हे आत सारीन. तुमच्याकडे पोचवायचा दुसरा मार्ग मला ठाऊकही नाही.

काल सकाळी, ऊन अंगणात आलं होतं, मी भात चढवला होता. पोर पाट घेऊन पावशीवर दोडके चिरायला बसली. मी मनाशी तास मोजले आणि उठून तिच्या हातातला दोडका घेतला, तिच्या पायाखालची पावशी ओढून काढली.

"काऊन माय? काय झालं?"

"धार गेली तिची. लोहाराकडून लावून आनतो, मंग चिर."

"आताच तं लावली होती परवा."

"गेली परत."

ती हसली, म्हणाली, "तुझंबी काहीतरीच असते," आणि भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. मी पावशी माळ्यावर नेऊन ठेवली आणि दार लोटून तिच्याजवळ येऊन बसले. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. भात खाली लागला.

धार गेलेली नाही, बाबा. चांगली आहे.